नखाएवढी खिडकी

बातमी वाचून झाली. मुलीने फोन टेबलावर पालथा ठेवला. आत्याचे बिस्किट तुटून चहात बुडाले, पण तिने चमच्यासाठी हातही लांब केला नाही. ऐकू येत राहिली ती फक्त वडिलांच्या नव्या बुटांची करकर. प्रवासाआधी रुळावेत म्हणून ते घरातही हेच बूट घालून हिंडत असत. आता बसल्या जागी त्यांचा पाय हलत होता.

टेबलावर एका प्राचीन नगराचा नकाशा पसरला होता. वडील संग्रहालयांसाठी प्रतिकृती घडवत. उजाड होण्यापूर्वी हे नगर जसे असेल तसे त्यांनी आणि आईने मिळून बुचाच्या तक्त्यांतून कोरले होते, आणि संग्रहालयाच्या मोठ्या दालनात काचेखाली ते अजूनही कुठल्यातरी न संपणाऱ्या दुपारी उभे होते. खरे नगर मात्र दोघांनीही पाहिले नव्हते. आधी काम आड आले, मग आईचे आजारपण, मग आईचे नसणे. आता कुठे तिघांनी जायचे ठरले होते, आणि सगळ्यात जास्त घाई वडिलांनाच होती. उन्हाच्या टोप्या त्यांनी कधीच आणून ठेवल्या होत्या.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले.

मुलीने फोन उचलला. “कुंभारांच्या वस्तीत एका घराची अख्खी भिंत सापडली. कोसळताना ती फुटली नाही, आडवी पडली आणि मातीखाली तशीच राहिली. साफसफाई चालू आहे. पुढच्या महिन्यात बघायला खुली होईल.”

“कुठलं घर?”

“विहिरीला लागून असलेलं, बाबा. कोपऱ्यातलं.”

“अरे दादा, भिंत सापडली ही चांगली गोष्ट आहे,” आत्या म्हणाली. “तुझं तोंड तर असं झालंय, जणू तुझ्याच अंगावर पडली.”

वडील हसले नाहीत. त्या घराविषयी या दोघींना सांगण्याची गरज नव्हती. नगरातल्या भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्या होत्या, त्यावरचे सारे अंदाजाने उभे करायचे, आणि वडील अंदाजालाही पुरावा मागत. जोत्याची रुंदी, खापरांचा ढीग, पावसाच्या पाण्याने कोरलेली रेघ, असे काहीतरी हाताशी असल्याशिवाय त्यांची सुरी चालत नसे. सबंध नगरात एकच गोष्ट पुराव्याशिवाय होती. कोपऱ्यातल्या घराला डिंक लावताना आई थांबली होती. “इथे खिडकी दे. नाहीतर ती बाई चुलीच्या धुरात गुदमरेल.” कुठली बाई, म्हणून वडिलांनी पुष्कळ हुज्जत घातली होती. शेवटी सुरीचे टोक टेकवून नखाएवढी खिडकी त्यांनी कापली, आणि आईने वाकून तिच्यात फुंकर मारली होती.

“वहिनीचं खरं निघालं तर?” आत्याने हलकेच विचारले.

“आणि त्या भिंतीत खिडकी नसली तर?” वडील म्हणाले.

“नसली तर नसली! तुझी कोण झडती घेणार आहे? काचेतून तर ती दिसतही नाही. मी गेले होते तेव्हा नाक चपटं होईपर्यंत शोधली. शेवटी रखवालदारच म्हणाला, बाई, काच पुसून घेऊ का?”

मुलीला हसू आले. वडिलांच्याही मिशीत काही हलले, पण तेवढेच.

“नसली तर मला ती बुजवावी लागेल,” ते म्हणाले. “माझ्याच हाताने. बुचाचा तुकडा, थोडा डिंक, वरून रंग. काम पाच मिनिटांचं आहे गं.”

‘पाच मिनिटांचं’ म्हणताना त्यांचा अंगठा नकाशावरच्या त्या कोपऱ्यावर असा टेकला, जणू खालून वारा येत होता.

“बुजवू नका ना, बाबा,” मुलगी म्हणाली. “राहू द्या.”

“बघून आल्यावर कसं राहू देऊ?”

“मग बघू नका. त्या बाजूला जायचंच नाही. बाजारपेठ बघू, हौद बघू.”

“तिथवर जाऊन तोंड फिरवायचं? तुझी आई काय म्हणाली असती?”

याचे उत्तर दोघींनाही ठाऊक होते. आई सगळ्यांच्या आधी त्या भिंतीपाशी जाऊन उकिडवी बसली असती, आणि खिडकी नसती तर त्या बाईसाठी मनापासून हळहळली असती.

मुलीने फोनवर आरक्षणाचे पान उघडले. प्रवाशांची संख्या विचारणारी चौकट रिकामी होती.

“दोन तिकिटं काढू की तीन?”

वडिलांनी नकाशावरचा अंगठा उचलला. घडीची रेघ त्यांनी तळव्याने एकदा सपाट केली, तिन्ही कप गोळा करून धुण्याच्या जागी नेऊन ठेवले आणि कामाच्या खोलीकडे निघाले. मुलगी बोट अधांतरी धरून वाट पाहत राहिली. त्या खोलीच्या दाराशी बूट काढून आत जायची त्यांची सवय होती. आज ते थांबले नाहीत. नव्या बुटांची करकर कामाच्या खोलीतून पलीकडच्या टोकापर्यंत ऐकू येत गेली. मुलीने बोट टेकवले आणि चौकटीत तीनचा आकडा घातला.