फणसाचे वय

"शून्य म्हंजे किती, बाबा?"

केशरच्या आवाजात तक्रार नव्हती. नोटीस तिने उलटी धरली होती. गुंदच्या वरच्या वाडीतल्या तिच्या सारवलेल्या अंगणात नोटीस वाचून दाखवणे हे खरे तर शिपाई तुकारामचे काम. पण कचेरीतला कारकून बाबुराव आपणहून सोबत आला होता. कारण नोटिशीतले शून्य त्याच्या हातचे होते.

"म्हंजे काय न्हाई," तुकाराम खाली बघत म्हणाला.

"मी हाय की हितं. माजी सासू हुती, तिची सासू हुती." केशरने बाबुरावकडे पाहिले. "तुमी तर समदं लिवून घेतलासा न्हवं?"

"व्हय, आजी," बाबुराव म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी, त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात, रानाकडेच्या घरांची मोजणी करायला तो याच अंगणात बसला होता. छापील तक्त्यातला सातवा रकाना होता: वहिवाट किती वर्षांची? वाडीतल्या इतरांनी चाळीस, पन्नास असे ठोकून दिले होते. केशरला ते जमले नाही. तिने घरामागच्या फणसाकडे बोट दाखवले. "त्येला इचारा. आजेसासूनं लावलाय. साल आमाला ठावं न्हाई." बाबुरावने रकाना कोरा ठेवला आणि कडेला पेन्सिलीने बारीक खूण केली, पुन्हा येऊन गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचे. त्या कोऱ्या जागेत तिची सगळी वर्षे होती, फक्त त्याला माहीत नसलेली.

पुन्हा येणे झाले नाही. पाऊस लागला, काळी नदी फुगली. आश्विनात पक्की प्रत करताना शिरस्तेदारांनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले. एकही जागा रिकामी नको, असा वरून हुकूम होता. बाबुरावने एकदाच, चाचरत सुचवून पाहिले: या तक्त्यातून सातवा रकाना काढून टाकावा, ज्यांची वर्षे ठाऊक आहेत, त्यांचीच एक वेगळी वही करावी. म्हणजे ज्यांची ठाऊक नाहीत, त्यांच्याविषयी खोटे लिहावे लागणार नाही.

शिरस्तेदार हसले. "साहेबांना एकच तक्ता हवाय, बाबुराव. शून्य घाला आणि मोकळे व्हा."

त्याने शून्य घातले. वाटोळे, सुबक, कुठेही न तुटलेले. कचेरीत त्याच्या अक्षराची वाखाणणी होत असे. पेन्सिलीची खूण पक्क्या प्रतीत उतरत नाही.

पुढे नियम आला: बारा वर्षांहून कमी वहिवाट असलेल्यांनी जागा सोडावी. तक्ता ज्या कुणी वाचला असेल, त्याने केशरला कधी पाहिले नव्हते. त्याने शून्य पाहिले.

नोटिशीविरुद्धचा अर्ज बाबुरावनेच लिहून दिला. त्यात फणस होता, आजेसासू होती, शेताचा बांध होता. शून्य कोणी आणि का लिहिले, तेवढे नव्हते. त्या एका ओळीपाशी त्याचा टाक थांबला होता. मग त्याने खाली केशरचा अंगठा उमटवून घेतला. महिन्याभरात अर्ज परत आला. दप्तरी नोंद स्पष्ट असल्याने फेटाळला.

केशर दळायचे जाते डोक्यावर घेऊन मुलीच्या गावी गेली, असे तुकाराम सांगत आला. त्याच्या खांद्यावर फणस होता. "लिवणाऱ्या बाबाला द्यायला सांगितलंय. म्हणाली, अर्जासाठी लई खपलं ते."

बाबुरावने तो घरी नेला नाही. दोन दिवस कचेरीच्या व्हरांड्यात तो पिकत राहिला; तिसऱ्या दिवशी शिपायांनी फोडला. त्याचा वास दप्तरे बांधलेल्या रुमालांत कितीतरी दिवस होता, किंवा तसे एकट्या बाबुरावला वाटत होते.

पासष्ट सालच्या पावसाळ्यात, निवृत्तीला चार महिने उरले असताना, गुंदकडच्या मोठ्या झाडांची यादी नक्कल करण्यासाठी त्याच्या मेजावर आली. वरच्या वाडीच्या पडजागेत आता सागाची रोपे होती. त्यांच्यामध्ये अनुक्रमांक एकतीस: फणस. घेर बारा फूट. वय अंदाजे एकशे दहा वर्षे.

झाडाला अंदाज चालला होता.

पुढचा रकाना, नैसर्गिक की लावलेले, कोरा होता. नवे शिरस्तेदार अर्जुनराव मागून डोकावले. "नैसर्गिक लिहा की. रानातलं झाड ते."

"नाही," बाबुराव म्हणाला. "हे मला ठाऊक आहे."

त्याने लिहिले: लावलेले. अक्षर पूर्वीसारखे आले नाही. कोणी लावले, हे विचारणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता. दमट हवेत शाई लवकर वाळत नव्हती. त्याने टीपकागद उचलला नाही; वही उघडी ठेवून तो तसाच बसून राहिला.