दहा बाय पाचचा देश

"नत्थुभाऊजी, पाय मांगं घ्या! देशात पाय पडून राहिला तुमचा!"

पार्बताबाईंच्या आवाजाने शेजारच्या वावरातले नत्थुजी जागीच थबकले. ते आपले विहिरीवर पाणी प्यायला निघाले होते. "वयनी, मी गव्हातून चाल्लो. मधात देश कुठी आला?"

"हा दोरी बांधेल तुकडा म्हंजे देशच. संध्याताई सांगून गेली."

संध्याताई म्हणजे गावची कृषी सहायक. महिन्यापूर्वी तिने मोबाइलवर आलेल्या आकड्यांप्रमाणे पावलं मोजली आणि पांदणीच्या गाडीवाटेकडच्या कोपऱ्यात, दहा मीटर लांब नि पाच मीटर रुंद तुकड्याला खुंट्या ठोकून दोरी बांधली. गहू पिकला की एवढाच कापून तोलायचा. पाऊस कसा मानवला, देशात गहू किती झाला, बाहेरदेशी धाडायला उरेल का, हे अशा हजारो तुकड्यांवरून ठरतं, असं ती म्हणाली. त्यातलं 'हजारो' पार्बताबाईंनी ऐकलंच नाही. साऱ्या देशाची इज्जत आपल्या वावरात आली, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

आता मानाच्या पाहुण्याला कुणी उकिरड्याजवळ बसवतं का? पांदणीकडचा गहू जरा हलकाच. संध्याताईची पाठ वळली तशा बाईंनी खुंट्या उपटल्या आणि विहिरीजवळच्या कंबरभर गव्हात नेऊन ठोकल्या. यंदा पाऊस दिवाळीच्या तोंडापर्यंत टिकलेला, विहीर तुडुंब. मग त्या तुकड्याला पाणी काय, बुजगावणं काय, लिंबू-मिरची काय!

"मले कधी येवढं जपलं नाई," नवरा, उत्तमराव, कुरकुरले.

"तुमी कुठी परदेशात जाता?"

ओंब्या भाजायला गाव लोटलं, तेव्हा बाईंनी सगळ्यांना पांदणीकडे पिटाळलं. "तिकडचं खा, लागन तेवढं खा!" मागची दोन वर्षं कोरडी गेली होती. माणसं तोंडं काळी करून खात होती नि हसत होती. बाईंना फार बरं वाटलं.

कापणीच्या दिवशी संध्याताई आली. खुंट्यांकडे न बघता तिने पुन्हा पावलं मोजली आणि थेट पांदणीकडे जाऊन थांबली. समोर बहुतेक बोडक्या काड्या, मधेमधे चुकारमाकार ओंबी.

"काकू, इथला गहू कुठं गेला?"

पार्बताबाईंचं तोंड एवढंसं झालं. "ताई, देश तं मी तिकडं नेला होता वो..."

सगळं ऐकून नत्थुजी हसता हसता बांधावरच बसले. संध्याताईलाही हसू आवरेना, पण ती म्हणाली, "जागा बदलता येत नाही, काकू. इथलाच कापावा लागतो."

कापला, झोडपला, तोलला. चार किलो! पंधरा तरी भरायला हवा होता. बाईंनी कपाळाला हात लावला. आपल्यापायी देशाचा गहू घसरला.

"ताई, बाकीचा गावानं वल्लाच खाल्ला. तेबी लिवा."

"तसा रकाना नाही, काकू."

"रकाना नाई?" बाईंनी कंबरेवर हात ठेवले. "मंग दिल्लीले समजन कसं, का यंदा आमी पोटभर खाल्लं?"