लाभ, दोन, तीन

मी मापटं बोलतंय. पितळेचं, काठाशी जरा चेमटलेलं. माझ्यामुळं एक पोरगी वाया गेली असं या घरात म्हणतात, म्हणून तोंड उघडतंय. नाहीतर मोजणं हे माझं काम, बोलणं नव्हे.

जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. हयात गेली सांगलीत, शांतिनाथांच्या धान्याच्या दुकानात. पहिलं माप टाकताना मालक कधी 'एक' म्हणाले नाहीत. 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. सुरुवात लाभानं केली की रास सरत नाही, अशी त्यांची श्रद्धा. मालक गेले, दुकान मिटलं, आणि त्यांची बायको प्रभावती मला पिशवीत घालून साताऱ्याला लेकाच्या फ्लॅटवर आली.

तिथं माझं नशीब पुन्हा उघडलं. चार वर्षांची नात चंदना दुपारभर आज्जीच्या मागं. आज्जी ताटात डाळी मिसळायची, पोरगी निवडायची. हिरवे मूग वाटीत, तांबडी मसूर बशीत, पिवळी हरभरा डाळ आज्जीच्या पदरात.

"आणि ह्यो काळा कोण गं?"

"उडीद. माझ्या केसांसारखा. तुझे केस तांदूळ."

मग मोजणी. एकेक दाणा माझ्यात पडायचा, मी टण् वाजायचं, आणि ती म्हणायची, लाभ, दोन, तीन.

शाळेच्या प्रवेशाला मॅडमनी तिच्यापुढं लाल ठोकळे मांडले. पोरीनं लाभापासून मोजले. मॅडमनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. सून राजेश्वरी घरी आली ती लाल होऊनच. पोरीला 'एक'सुद्धा येत नाही म्हणे. सोमवारी शेवटची संधी, नाहीतर वर्ष गेलं.

"आई, तुम्ही तिला एक शिकवलाच नाही?"

"ठोकळे बरोबर मोजले का न्हाई तिनं, तेवढं सांग."

राजेश्वरीनं मला उचलून खिडकीत ठेवलं.

तेव्हापासून माझ्या पोटात वाळलेली पेनं, रिमोटचे सेल आणि दात पडलेला कंगवा. पोरीच्या हातात फोन. त्यात फुगे फुटतात आणि कुणी बाई 'वन' म्हणते. त्या फुग्याचा लाल रंग ना हाताला लागतो, ना नखात अडकतो. शिकलेली एवढी माणसं! 'लाभ म्हणजे काय गं बाळ?' एवढं कुणाला विचारवलं नाही.

प्रवेश झाला. पेढे वाटले. काल चंदना मेणखडू माझ्यात ठेवायला आली. लाल खडू हातात धरून आधी तिनं स्वयंपाकघराकडं पाहिलं, आई बघत नाही ना म्हणून. मग माझ्या काठाला तोंड लावून पुटपुटली, "लाभ." आणि पुढं खणखणीत, "टू, थ्री."

मोजायला ती आधीच शिकली होती. तुम्ही तिला चोरून बोलायला शिकवलंत.

ही पेनं काढा माझ्यातली. मूठभर मूग घाला, आज्जीला शेजारी बसवा, आणि पोरीला पहिला दाणा मोठ्यानं मोजू द्या. टण् वाजून होय म्हणायला मी अजून आहे.