चिखल्यांच्या फाईलचं गाऱ्हाणं

मी हिरव्या पुठ्ठ्याची फाईल बोलतेय. चंद्रपूरच्या एका आरोग्य संशोधन संस्थेत, लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम. स्वभावानं मी भित्री. कपाटाची कडी वाजली तरी दचकते; वाटतं, आला रद्दीवाला! पण आज भीतीपेक्षा वैताग जास्त आहे, म्हणून बोलून टाकते.

माझा जन्म सावली तालुक्यातल्या भातखाचरांत, तिकडच्या बोलीत धानाच्या बांध्यांत, झाला. रोवणीला, भाताची रोपं लावताना, बाया वीस-वीस दिवस चिखलात उभ्या राहतात. पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, फाटतात, चिघळतात. त्याच चिखल्या. त्यावर टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावायचं, असं सगळे सांगत. खरंच फरक पडतो का, हे पाहायला अठरा वर्षांपूर्वी तीनशे बारा बायांचे पाय तपासले गेले. निम्म्यांनी बांधीत उतरण्याआधी तेल लावायचं, निम्म्यांनी घरी आल्यावर पाय धुऊन नुसते कोरडे करायचे.

नुकतीच बारावी झालेली प्रेमिला सायकलनं गावोगाव फिरायची. बायांना ओट्यावर बसवून एकेक बेचकी उघडून पाहायची. बाया हसायच्या, "एवढे तं नवऱ्यानंबी नाई पाह्यले वो माह्ये पाय!" प्रेमिला लाजायची आणि माझ्यात आकडा लिहायची.

निकाल सरळ होता. तेलानं चिखल्या कमी झाल्या नाहीत. उलट, ज्यांच्या पायांना आधीच भेगा होत्या, त्यांना पू जास्त झाला. त्यांतल्या सुकरीबाईच्या पायाची करंगळी काढावी लागली. हे सगळं माझ्या पान एक्केचाळीसवर ठळक अक्षरांत आहे.

पुठ्ठ्यावर मात्र एवढंच: 'रोवणीतील चिखल्यांवर टोरीच्या तेलाचा उपयोग'. झालं!

संशोधकांची एक रीत आहे. एखाद्या प्रश्नावर आधी कोणाला काय सापडलं, ते सगळं गोळा करून ते आढावा लिहितात. रीत चांगलीच आहे हो. आधीच्या बायांनी जे सोसलं ते वाया जाऊ नये, पुन्हा दुसऱ्यांना सोसावं लागू नये. पण पहिला आढावा लिहिणाऱ्यानं माझं फक्त नाव वाचलं आणि ठोकून दिलं, 'तेल उपयुक्त असल्याचा पूर्वीचा पुरावा आहे.' दुसऱ्यानं पहिल्याचं उतरवलं. तिसऱ्यानं दुसऱ्याचं. चौथ्यानं तिघांचंही, आणि वर लिहिलं, 'अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.' अनेक? अहो, मी एकटीच! चौघांपैकी एकानंही माझी दोरी सोडली नाही. नाव चार ठिकाणी छापलेलं, आणि मी इथं झुरळांची अंडी सांभाळत बसलेली.

यंदा पाचवा आढावा करायचं निघालं. त्याच्या भरवशावर बाराशे बायांना तेलाच्या बाटल्या वाटायच्या होत्या. लिहायचं काम नव्यानं लागलेल्या सलीमाकडे. ती कपाटाकडे वळली की तिचे वरिष्ठ, अमर सर, म्हणायचे, "काऊन धुळीत हात घालून राह्यली? चार आढाव्यांत आहे ना? नाव टाक, क्रमांक टाक, पुढं चाल." मी आतून ओरडत होते. फाईलचं कोण ऐकतं!

गेल्या सोमवारी बाटल्या न्यायला सावलीकडच्या एका गावची आशा सेविका आली. आता चष्मा लागलेली, पण तीच प्रेमिला! खोक्यावरची चिठ्ठी वाचून ती जागीच थबकली.

"हे तेल? रोवणीच्या आधी लावाले?"

"हो ताई," सलीमा म्हणाली. "आधीचा पुरावा आहे ना. सावलीचाच अभ्यास आहे."

"सावलीचा? ते पाय तं म्याच पाह्यले होते, मॅडम. कुठी आहे ते फाईल?"

कडी वाजली. मी सवयीनं दचकले. दोरी सुटली, आणि प्रेमिलानं भराभर पानं उलटून थेट एक्केचाळीसवर बोट ठेवलं. सलीमानं एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. "या अल्लाह, हे तर उलटंच आहे."

तेवढ्यात अमर सर आले. त्यांनी उभ्या उभ्याच पान पाहिलं. "पण आता माल येऊन पडला ना. थोडंसं तेल लावल्यानं कोणाचं काय बिघडते?"

"सुकरीबाईले विचारा जी," प्रेमिला म्हणाली. "माल आला म्हून बायांचे पाय सडवाचे काय?"

सरांनी खोकं पायानं भिंतीकडं सरकवलं. मग म्हणाले, "राहू दे इथीच."

बाटल्या गेल्या नाहीत. सलीमानं आपलं वाक्य खोडून नवं लिहिलं: 'पूर्वीच्या एकमेव अभ्यासात तेलाचा फायदा दिसला नाही, भेगा असलेल्या पायांना अपाय झाला.' जुन्या चारही आढावाकारांना तिनं पत्रं धाडली. उत्तर एकाचंच आलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. पुढील आवृत्तीत विचार करू.' म्हणजे तोवर ते चारही आढावे तसेच राहणार! उद्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात कोणी तेच वाचून तेल वाटायला निघालं तर? नुसत्या विचारानं माझी पानं थरथरतात.

सध्या मी सलीमाच्या टेबलावर उघडी आहे. माझं नाव नाही घेतलं तरी चालेल, पण घ्यायचंच असेल तर आधी दोरी सोडा, एवढंच मागणं. प्रेमिलानं जाताना त्या पानाची झेरॉक्स नेली. गावात ज्या बायांना वाचता येत नाही, त्यांना ती वाचून दाखवणार आहे.

ज्यांना वाचता येतं, त्या आढावाकारांना कोण वाचून दाखवणार?