दुपारपुरती ऐट

जुन्या टूथब्रशने बाळाबाई कानामागच्या केसांना डाय लावत होत्या आणि नात क्रांती शेजारी बसून शाळेच्या पुस्तकातली कविता वाचत होती.

फूल म्हणाले, बघून घे रे,
दुपारपुरती माझी ऐट;
वारा म्हणाला, घाई मला,
उद्या दुसऱ्या फुलाची भेट.

“आजी, रसग्रहण लिहायचंय. सौंदर्य क्षणभंगुर असतं, एवढंच ना?”

बाळाबाईंनी टूथब्रश डायच्या वाटीत बुडवला.

“वारा भामटा हाय, असं लिही.”

तसं लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत, असं क्रांतीचं म्हणणं पडलं. बाळाबाईंनी वाद घातला नाही, पण कविता त्यांच्या मनाला लागली. फुलाचं बरं असतं, त्यांना वाटलं, दुपारी सुकलं की सुटलं. बाईमाणसाला सुकल्यावरही वीस-पंचवीस वर्षं घरात वावरायचं असतं. त्याबद्दल कवी चकार शब्द बोलत नव्हता.

लागण्याला कारणही तसंच होतं. त्यांच्या नवऱ्याच्या, गणपतरावांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याची पट्टी उद्या निघणार होती. सुईला भिऊन त्यांनी दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू इतका पिकू दिला होता की कित्येक वर्षं त्यांना माणूस आवाजावरूनच कळे. आल्यागेल्या पाहुण्याला मात्र ठासून सांगत, आमची मंडळी अजून होती तशीच आहे. बाळाबाईंचे पुढचे दात पडले, गाल आत गेले, तरी त्या गप्प राहिल्या. असलं कौतुक कोण आपल्या हाताने घालवतं? आता सगळं उघडं पडणार होतं आणि त्यांना खरोखर भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजारामपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी काढली तेव्हा त्या क्रांतीच्या मागे, पदर नाकापर्यंत ओढून उभ्या होत्या. गणपतराव डोळे मिचकावत उठले. भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी मोठ्याने वाचलं, नातीची उंची बघून हरखले. मग बेसिनवरच्या आरशासमोर गेले आणि तिथून हललेच नाहीत. गालांवरून हात फिरवला, हनुवटी वर करून गळ्याची लोंबती कातडी पाहिली.

वळले तेव्हा त्यांचा एरवीचा चढा आवाज पार उतरला होता.

“अगं, एवढी वर्सं तू रोज हे बघत हुतीस व्हय?”

तोंडावरचा पदर काढून बाळाबाई त्यांच्यापाशी गेल्या.

“बघत हुते की,” त्या म्हणाल्या. “काय बिघडलंय त्याला?”