आतली कडी

मी कडी बोलतेय. बाहेरचं कुलूप नव्हे, त्याला मिरवायची हौस. मी आतली, दाराच्या पाठीशी उभी.

लोहाराने मला तापवलं, ठोकलं, वाकवलं. त्यामुळे आता कुणी वाकवायला आलं की हसू येतं.

घरमालकाने मला दारावर ठोकलं आणि विसरला. तेलाचं बोट लावलं ते भाडेकरणीने. ती शिवणकाम करते. मशीनला तेल दिलं की उरलेलं मला. तिची सासू कुरकुरते, "कडीचे लाड चाललेत, माझे गुडघे वाजताहेत ते ऐकू येत नाहीत."

मालकाने हे घर गहाण टाकलं, हप्ते बुडवले आणि तोंड काळं केलं. परवा बँकेचा साहेब दारात आला. "घर बँकेच्या ताब्यात गेलंय. आजच रिकामं करा."

सासू खिडकीतून म्हणाली, "कर्ज आम्ही काढलं का, बाबा?"

"नाही, पण..."

"मग घर गहाण पडलं, आम्ही नाही. गहाणाच्या आधीपासून राहतोय, करार नोंदवलेला आहे. काढायचं तर कोर्टात आमचं म्हणणं ऐकून काढा. तोवर भाडं बँकेत भरू, पावती द्या."

साहेब एकदम मवाळ झाला. "आजी, रागावू नका. दोघी जरा बाहेर या, कोपऱ्यावर बसून बोलू."

सून भिडस्त. तिने चप्पल घातली, हात माझ्यावर ठेवला. मी जाम झाले. गंज म्हणा, नाहीतर हट्ट.

तेवढ्यात सासू ओरडली, "थांब गं. जिन्याखाली त्याचा माणूस कुलूप घेऊन बसलाय. आपण बाहेर पडलो की घर रिकामं."

साहेब जिना उतरला. तेव्हापासून एक बाहेर गेली की दुसरी आत.

माणसं कुलपावर पैसा घालतात, कडीची आठवण भीती वाटली की होते. असू दे. सासू-सुनेने दिलेल्या अर्जावर उद्या कोर्टात सुनावणी आहे. सून जाणार, सासूने खुर्ची दाराला लावून ठेवलीय. माझा एक स्क्रू ढिला आहे, पण मी हलणार नाही.

तुमच्या दारात असं कुणी आलं, तर बोलायला बाहेर जाऊ नका. आतूनच कोर्टाचा हुकूम मागा. कुलपाला रिकामं घर चालतं. मी लागते ती आत माणूस असलं तरच.