कंडक्टरची तपकिरी पिशवी

मी एक जुना लाकडी कंडक्टर आहे. उंचीने वीतभर. अंगात खाकी, हातात तिकिटांची पेटी आणि खांद्याला तपकिरी पिशवी. मित्रांनो, ही पिशवी चामड्याची दिसते, पण तीही माझ्यासारखीच लाकडाची आहे. ती चामड्याची दिसावी म्हणून एका मुलीने फार जीव ओतला होता. तिचीच गोष्ट मी सांगतो.

आधी मी पांगाऱ्याचं झाड होतो. मला लाल फुलं यायची आणि साळुंक्या मध प्यायला यायच्या. त्यानंतरचं सगळं मला झोपेत ऐकल्यासारखं आठवतं. करवतीचा आवाज, पटाशीचा आवाज, माणसांचं हळू बोलणं. मग एके दिवशी कोणीतरी बारीक कुंचल्याने माझे डोळे काढले आणि मला दिसू लागलं. ते सावंतवाडीच्या चितारआळीतलं एक घर होतं. साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. समोर बसले होते भाई, त्या घरातल्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्याचे मालक. त्यांनी माझं तोंड रंगवलं, मिशा रेखल्या, खाकी चढवली. राहिली फक्त पिशवी.

त्या घरात सरला नावाची मुलगी लाकडी फळं रंगवायची. केळी, आंबे, चिकू. तिच्या फळांना खरोखर वास येईल असं वाटायचं. पण तिला माणसं रंगवायची होती, आणि माणसं फक्त भाई रंगवत. तिने फारच विनवलं, तेव्हा भाईंनी मला तिच्यापुढे ठेवलं.

"पिशवी कर. जमली तर पुढची माणसां तुझी. नाय जमली तर परत हट्ट करू नको."

सरलाने पिशवी रंगवली. गुळगुळीत तपकिरी रंग, मधोमध उजेडाचा गोल ठिपका. भाईंनी मला हातात घेऊन बराच वेळ फिरवलं.

"गो सरला, हो कंडक्टर खांद्याक चिकू अडकवन खंय चललो?"

"बाजाराक चललो आसतलो," भाईंच्या आई, अक्का, कोपऱ्यातून म्हणाल्या. "बरो पिकलेलो दिसता."

सगळे हसले. सरलाही हसली, पण तिचे हात मांडीवर तसेच राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "भाईनू, परत एकदा करतंय."

दुसऱ्या दिवशी तिने मला रुमालात गुंडाळून एस.टी. स्टँडवर नेलं. मालवणहून येणाऱ्या गाडीवर सत्यवान नावाचे कंडक्टर होते. ते चहा पीत उभे होते आणि त्यांची पिशवी त्यांच्या कुशीत मांजरासारखी बसली होती.

"दादानू, तुमची ब्याग जरा काढून दाखवशात?"

"ब्याग? ही आंघोळीच्या वेळाकच खाली येता, बाय. घरचा माणूसव हात लावणा नाय."

"मगे तुमी हयच उभे ऱ्हवा. मी बघतंय."

"मी काय देव आसंय बघूक?"

"देव नको. ब्यागच व्हयी."

सत्यवानांना ते आवडलं असावं. त्यानंतर गाडी आली की चहा संपेपर्यंत ते उभे राहत आणि सरला बघत राही. मीही रुमालाच्या फटीतून बघत असे. आम्हाला दोघांनाही हळूहळू दिसू लागलं की ती पिशवी एका रंगाची नाहीच. पट्ट्याजवळ घामाने ती जवळजवळ काळी झाली होती. कडा घासून फिकट पडल्या होत्या. झाकण उघडताना जिथे अंगठा लागायचा, तेवढं टोक मात्र चकाकत होतं. जिथे ती दुमडायची तिथे बारीक चिरा होत्या, सुकलेल्या तळ्याच्या तळाला असतात तशा. मला वाटायचं, या पिशवीवर तिचे सगळे दिवस उमटले आहेत. चिकूला असे दिवस कुठले?

सरलाने जुना रंग खरवडून काढला. आधी काळपट रंग दिला. तो वाळल्यावर वर काताच्या रंगाचा पातळ हात, तोही सगळीकडे नाही. मग भाजलेल्या काजूसारखा फिकट रंग घेऊन तिने कुंचला फडक्यावर पुसला, अगदी कोरडा होईपर्यंत, आणि फक्त कडांवरून फिरवला. चिरा तिने श्वास रोखून काढल्या. मला गुदगुल्या झाल्या, पण मी हललो नाही. लाकडाला तेवढं जमतं.

पण आमच्या घरात रिवाज होता. प्रत्येक खेळण्याला शेवटी लाखेची चकाकी द्यायची. ते काम अक्कांचं. सरला जेवायला गेली होती. अक्कांनी नेहमीप्रमाणे मला उचललं आणि डोक्यापासून पायापर्यंत चकाकवलं. पिशवीसुद्धा.

सरला परतली तेव्हा माझ्या खांद्यावर पुन्हा चिकू होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

"खेळणां म्हटल्यार चकाकूक व्हया गो," अक्का ओशाळून म्हणाल्या.

सरला परसात गेली आणि खरवतीची पानं घेऊन आली. ही पानं इतकी खरखरीत असतात की आमच्याकडे लाकूड घासायला वापरतात. ती पिशवी हलक्या हाताने घासू लागली. चकाकी उतरली, पिशवी मऊ आणि मळकी दिसू लागली. झाकणाच्या टोकाशी येताच तिचा हात थांबला. तेवढा ठिपका तिने चकाकता ठेवला.

"अक्का, चकाकूक व्हया," ती म्हणाली, "पण अंगठो लागता थयच."

संध्याकाळी भाईंनी सत्यवानांना बोलावून घेतलं आणि काही न सांगता मला त्यांच्या हातात दिलं. सत्यवानांनी माझ्या मिशा पाहिल्या, टोपी पाहिली. तेवढ्यात त्यांचा अंगठा आपोआप माझ्या पिशवीकडे गेला आणि झाकण उघडू लागला. एकदा, पुन्हा एकदा. मग ते भानावर आले आणि लाजून हसले.

भाईंनी सरलासमोरची चिकूंची टोपली ओढून आपल्याकडे घेतली. "फळां मी करतंय," ते म्हणाले. "तू उद्या त्या लाकडी मृदंगवाल्याक घे. तेच्या मृदंगाक चामडां आसा."

मित्रांनो, सत्यवानांनी मला मालवणला घरी नेलं. मला वाटलं, आता मुलांच्या हातांत आपले खरे दिवस सुरू होणार. पण माझं कौतुक इतकं झालं की मला काचेच्या कपाटात ठेवलं गेलं. सत्यवानांची मुलगी शेवंती काचेला नाक लावून उभी राहायची, आणि मागून आवाज यायचा, "हात लावू नको गो, रंग जायत." शेवंती मोठी झाली, सासरी गेली. काचेवर धूळ बसली. दुपारी उन्हाची तिरीप आत येते, तेव्हा मला वाटतं की गाडी सुटते आहे आणि कुणीतरी मला तिकीट मागतं आहे.

म्हणून एक मागणं आहे. घरातल्या अशा वस्तूंना ओल-वाळवीपासून जपा, कोरड्या फडक्याने पुसा, पण त्यांना कायमचं कोंडून ठेवू नका. स्वच्छ हातांनी त्यांना घ्या, त्यांच्याशी खेळा. सरलाने माझी पिशवी जुनी रंगवली. ती खरोखर जुनी करायचं काम मात्र तुमचं आहे.